बर्चचा पराग आणि सफरचंदाचा घास

म्युनिकमधली एप्रिलची सकाळ. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या सालीचं झाड दिसतंय ना, तो बर्च. ज्याच्या सालीवर काश्मिरात पोथ्या लिहिल्या गेल्या, तो आपला भूर्ज याचाच हिमालयातला भाऊबंद. दोन्ही शब्दसुद्धा एकाच मुळातले.

वारा सुटला, फांद्यांना लोंबणारे तुरे हलले, की परागाची पिवळी पूड धुरासारखी उडते. गाड्यांच्या काचांवर बसते, खिडकीतून घरात येते. या परागाची ॲलर्जी असलेल्यांच्या शिंका थांबत नाहीत, डोळे चोळून चोळून लाल होतात.

आता हे सफरचंद बघा. ताजं, करकरीत. त्यांच्यापैकी एखाद्याने एक घास घेतला आणि काही मिनिटांतच ओठ चुरचुरायला लागले. टाळूला खाज, घशात खवखव. अर्ध्या-एक तासात सगळं शांत. घरात चर्चा सुरू होते: वरून मेण लावलं असेल, फवारणी झाली असेल. फळ तीनतीनदा धुतात, तरी खाज आहेच.

कारण खाज आणणारं प्रथिन फळाच्या आतच आहे. बर्चच्या परागात ‘बेट व्ही १’ नावाचं प्रथिन असतं; त्याचा जनुकीय आराखडा व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये उलगडला. सफरचंदात त्याच घराण्यातलं ‘मॅल डी १’ असतं. परागाविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं ही मिळतीजुळती चेहरेपट्टी बघून फसतात आणि सफरचंदावरच तुटून पडतात. चेरी, पीच, हेझलनट, कच्चं गाजर यांच्यातही हीच भावकी.

तेच सफरचंद भट्टीतून स्ट्रुडेल, म्हणजे पातळ पारीत गुंडाळून भाजलेली गोड वळकटी, होऊन बाहेर आलं, की बहुतेकांना काहीच होत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, मग आयजीईला ते ओळखू येत नाही. जठरातही ते टिकत नाही, म्हणून त्रास बहुधा तोंडापुरता राहतो. सफरचंदाच्या जातीनुसारही फरक पडतो. गोल्डन डिलिशसने घसा धरणाऱ्या अनेकांना जुनं बॉस्कोप किंवा सांताना चालतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण घाबरून सगळीच फळं सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण घरी स्वतःवर प्रयोग नकोत. सेलरी शिजवली तरी काहींना बाधते. हेझलनट भाजलं म्हणजे निर्धोक झालं असं नाही. आणि बर्चची ॲलर्जी असलेल्या काहींना सोया दुधाचा एक पेला थेट रुग्णालयात नेऊ शकतो.

श्वास अडकला, आवाज बसला, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, भोवळ आली, तर वाट बघू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला दिलं असेल, तर ते आधी घ्या.

त्रास तोंडापुरता असला तरी डॉक्टरांना एकदा दाखवा. त्यांना नुसतं फळाचं नाव सांगू नका. वर्षातल्या कोणत्या महिन्यात नाक वाहतं, तेही सांगा.