दोन टोकांच्या अटी: सीमामूल्य समस्येला उकल असते का, आणि किती?

फळ्यावर एकच समीकरण आहे: य″ + य = ०. क्ष = ० या एकाच टोकाला य आणि य′ दोन्ही दिले, तर उकल असते आणि एकच असते. पिकार-लिंडेलोफ प्रमेय तेवढी हमी देतं. आता य′ ची अट काढून त्याऐवजी दुसऱ्या टोकाला य ची अट देऊ; दोन टोकांवर अटी असलेली ही झाली सीमामूल्य समस्या. य(०) = ० असेल तर उकल ‘स गुणिले साइन क्ष’ अशीच असणार; हाती एक स्थिरांक स उरतो. दुसरं टोक पाय/२ वर असेल आणि तिथे य = १ हवा असेल, तर स = १. तेच टोक पाय वर नेलं, की साइन शून्य होतो. तिथे य = १ मागितला तर एकही उकल नाही; य = ० मागितला तर स काहीही चालतो, म्हणजे उकली अनंत. समीकरणाला धक्काही लावलेला नाही, फक्त टोक सरकलं.

म्हणून आकडेमोडीला बसण्याआधी एक चाचणी करायचीच. रेषीय समस्येत दिलेल्या सगळ्या उजव्या बाजू शून्य करा, टोकांवरच्यासुद्धा. उरलेल्या समस्येला फक्त शून्य हीच उकल असेल, तर मूळ समस्येला कोणत्याही उजव्या बाजूसाठी नेमकी एक उकल मिळते. शून्याखेरीज उकल निघाली, तर उजव्या बाजूला अट पाळावी लागते. स्वीडिश गणितज्ञ फ्रेडहोमने १९०३ मध्ये इंटिग्रल समीकरणांसाठी (ज्यांत अज्ञात फलन इंटिग्रलच्या आत असतं) हीच दुफळी सिद्ध केली. आपल्या उदाहरणात ती अट हातानेच काढता येते. य″ + य = फ ला साइन क्ष ने गुणा, ० ते पाय इंटिग्रेट करा, दोनदा खंडशः संकलन करा. निघतं ते असं: फ·साइन चं इंटिग्रल = य(०) + य(पाय). फ = १ घेतला तर डावी बाजू २ येते. म्हणजे टोकांची बेरीज २ असेल तरच उकल आहे, आणि असली तर अनंत.

य″ = क्यू(क्ष)·य + फ, जिथे क्यू कुठेही ऋण नाही आणि दोन्ही टोकांना य दिलेला आहे, तिथे मात्र निर्धास्त राहावं. फ आणि टोकांची मूल्यं शून्य करून समीकरणाला य ने गुणलं आणि इंटिग्रेट केलं, की (य′)² + क्यू·य² चं इंटिग्रल शून्य येतं. मग य′ सगळीकडे शून्य, य स्थिर, आणि टोकांवर शून्य म्हणून सगळीकडे शून्य. पण टोकांवर य ऐवजी य′ दिला आणि क्यू = ० असला, तर स्थिरांक निसटतो. दोन्ही टोकांना उष्णतारोधक लावलेल्या सळईत आत निर्माण होणारी एकूण उष्णता शून्य नसेल, तर वेळेनुसार न बदलणारं तापमान असूच शकत नाही.

संगणक इथे फसवतो, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. य(०) = ०, य(पाय) = १ ही उकल नसलेली समस्या १०० समान भाग पाडून परिमित अंतर पद्धतीने (य″ ऐवजी जाळीच्या शेजारच्या बिंदूंवरच्या मूल्यांचे फरक घेऊन) सोडवा. मॅट्रिक्स विलक्षण (म्हणजे व्यस्त नसलेली) निघत नाही, कारण जाळीवरचं सर्वांत लहान आयगेनमूल्य (ज्या ल साठी −य″ = ल·य ला टोकांवर य = ० असताना शून्याखेरीज उकल मिळते तो ल) नेमकं १ नसून सुमारे ०.९९९९१८ असतं. मग प्रोग्रॅम मुकाट्याने उत्तर देतो: मध्यभागी य सुमारे −७७४०. भाग २०० केले, की तेच सुमारे −३०९६०. जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर स्थिरावायचं सोडून चौपट होत असेल, तर दोष जाळीत नाही, समस्येत आहे. एकाच जाळीवर थांबणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

अरेषीय य″ = फ(क्ष, य) साठी, दोन्ही टोकांना य दिलेला असताना, ढोबळ कसोटी अशी: फ चा य च्या संदर्भातला लिप्शिट्झ स्थिरांक (य मधल्या बदलाच्या जास्तीत जास्त किती पट फ बदलतो तो आकडा) के आणि अंतरालाची लांबी एल असेल, तर के·एल² हा ८ पेक्षा कमी असताना एकच उकल असते. हे ग्रीन फलन (ज्याच्या मदतीने उकल इंटिग्रल म्हणून लिहिता येते) आणि आकुंचन प्रमेय (अंतरं कमी करणाऱ्या क्रियेला एकच स्थिर बिंदू असतो) यांतून येतं. खरी सीमा पाय चा वर्ग, सुमारे ९.८७, आपलं साइनचं उदाहरण नेमकं तिच्यावर बसतं.

कसोटी लागू न पडणारं प्रसिद्ध उदाहरण ब्रातूचं: य″ + क·ई^य = ०, य(०) = य(१) = ०. क धन आणि सुमारे ३.५१३८ पेक्षा कमी असेल तर उकली दोन, तेवढाच असेल तर एक, जास्त असेल तर एकही नाही. क = १ घेतला तर एका उकलीचा मध्यबिंदू सुमारे ०.१४१ वर, दुसरीचा ४.०९ वर. नेमबाजी पद्धतीने (क्ष = ० वरचा उतार धरून दुसऱ्या टोकावर नेम साधत) जाताना सुरुवातीचा उतार सुमारे ०.५४९ किंवा १०.८४७ हवा, न्यूटनची पद्धत कोणत्या उकलीकडे जाईल ते पहिल्या अंदाजावर ठरतं. शून्यापासून निघालात तर खालची सापडते आणि वरची आहे याचा पत्ताही लागत नाही. क ३.५१३८ च्या जवळ नेला की न्यूटन अडखळू लागतो, कारण नेमक्या त्या ठिकाणी व″ + क·ई^य·व = ०, व(०) = व(१) = ० या रेषीकृत समस्येला (व म्हणजे य मधला छोटा बदल) शून्याखेरीज उकल मिळते, जशी साइनला पाय वर मिळाली होती.