घर एक, बोली जोडीगणिक

[दृश्य: सकाळ. जळगावच्या कडेची वसाहत. अर्धवट बांधकामं, गच्चीवरच्या टाक्या, रिक्षाची वाट बघणारी शाळकरी मुलं.]

पिंप्राळा आणि मेहरूण ही मूळची गावं. शहर वाढत त्यांच्यापर्यंत आलं आणि आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडले. इथल्या एखाद्या गल्लीत पारोळा-अमळनेरकडच्या घरात अहिराणी ऐकू येते, यावल-रावेरकडच्या घरात लेवा पाटील समाजाची लेवा गणबोली. चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवरून नोकरीसाठी आलेल्या बंजाऱ्यांकडे गोरबोली, सातपुड्याच्या पायथ्याहून आलेल्या तडवी भिल्ल कुटुंबात त्यांची भिली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांची आता तिसरी-चौथी पिढी आहे. चटईचे आणि पाइपाचे कारखाने, डाळमिल यांत कामाला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे लोक खोली करून राहिलेत. उर्दू, मारवाडी, गुजर समाजाची गुजरी आहेतच.

घराघरातल्या बोलींची नोंद करायला निघालात, तर या गल्लीतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला विचारा, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ उत्तर येतं, ‘मराठीच.’ पोरगा खोटं बोलत नाही. प्रमाण मराठीत प्रश्न आला, विचारणारा कॉलेजातला दिसला, मग याहून वेगळं उत्तर कसं येणार? शिवाय घराला एकच भाषा असते, हे प्रश्नानंच गृहीत धरलेलं असतं.

[दृश्य: वहीचं पान. आडव्या-उभ्या रेघा आखणारा हात.]

म्हणून भाषेच्या नोंदीला तक्ता लागतो. आडव्या ओळीत घरातली माणसं, उभ्या रकान्यांतही तीच. प्रत्येक चौकटीत एकच नोंद: हा त्याच्याशी काय बोलतो. आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुलं अशा सहा जणांच्या घरात जोड्या होतात 15. पण आजी नातवाशी जे बोलते तेच नातू आजीशी बोलतो असं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या धरायच्या. म्हणजे 30 चौकटी. हा तक्ता एकट्या आईकडून भरून घेतला की हमखास फसतो. मुलं आपसांत काय बोलतात हे आईला वाटतं त्याहून वेगळं निघतं. भावंडांच्या चौकटी भावंडांनाच विचाराव्यात, तेही एकेकट्याला आणि मोठ्यांच्या माघारी.

असे तक्ते भरताना सर्वात बोलका रकाना निघतो तो धाकट्याचा. थोरलं मूल आजी-आजोबांच्या मांडीवर वाढलं, बोली त्याच्या तोंडात बसली. ते शाळेत गेलं, शाळेची मराठी किंवा सेमी-इंग्रजी घेऊन घरी आलं आणि धाकट्याशी तीच बोलू लागलं. धाकट्याला बोली समजते सगळी, बोलायला मात्र तो बिचकतो. एकाच छताखाली चार वर्षांच्या अंतरानं हा फरक पडतो, आणि दोष नेहमी इंग्रजी शाळेच्या माथी मारला जातो. शाळा मराठी असली तरी हेच घडतं.

समजणं आणि बोलणं यांतला फरक तपासायला सोपी रीत आहे. आजीला तिच्या बोलीत नेहमीचा प्रश्न विचारू द्यावा.

[आवाज, आजी: काय करी ऱ्हायना रे?]
[आवाज, नातू: अभ्यास करून राहिलो.]

आजीचा प्रश्न अहिराणी, नातवाचे शब्द मराठी. पण शाळेच्या पुस्तकातली मराठी ‘करतोय’ म्हणते, ‘करून राहिलो’ नाही. नातवाची घडण इथलीच आहे. गुरुजी ‘माले’चं ‘मला’ करून घेतात, ‘मन्हा भाऊ’चा ‘माझा भाऊ’ होतो. वाक्याच्या सांध्याला सहसा कुणी हात लावत नाही. विदर्भातही ‘करून राहिलो’ आहे, तेव्हा एवढ्यावरून अहिराणीचा शिक्का मारू नये. सोबत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो का, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो का, तेही ऐकावं. हा बदल लेवा बोलीतही होतो, म्हणून एकाच खुणेवर बोली ठरवू नये.

[दृश्य: संध्याकाळ, मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट.]

इथे हिंदी चालते. तडवी, बंजारा, मुस्लीम, बिहारी, लेवा अशी पोरं एका संघात आली की बाद-नाबादचा वाद हिंदीत होतो. भुसावळला रेल्वेमुळे हे जरा जास्तच.

2011 च्या जनगणनेत मातृभाषेसाठी जागा एका भाषेची होती, आणि येणाऱ्या इतर भाषा जास्तीत जास्त दोन. कुणी अहिराणी सांगितली तर ती ‘खान्देशी’ या गटात गेली. देशभरात त्या गटाची बेरीज सुमारे 18 लाख 60 हजार. गोरबोलीसाठी ‘बंजारी’ किंवा ‘लमाणी’ सांगितलेली माणसं हिंदीच्या बेरजेत गेली. ‘मराठी’ सांगणारे मराठीत. तीस चौकटींचं घर तिथे माणशी एका शब्दात मावलं.

[दृश्य: स्वयंपाकघर. बट्ट्या वाफवायला ठेवलेल्या, ओट्यावर मोबाइल.]

ध्वनिमुद्रणाचं काम बहुतेक वेळा स्वयंपाकघरात फसतं. कुकर, मिक्सर, पंखा बंद करा. मोबाइल बोलणाऱ्यापासून वीतभर-दीड वीत अंतरावर, कापडाच्या घडीवर ठेवा. ओट्यावर थेट ठेवला तर भांड्यांचे हादरे आवाजात उतरतात. फाइल वेव्ह (.wav) स्वरूपात, मोनो म्हणजे एकाच चॅनलची घ्या, मिनिटाला साधारण 5 एमबी लागतात. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट नको, त्यात आवाज दाबला जातो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं माणूस ‘शुद्ध’ बोलतो, ती अभ्यासाला धरू नका. ‘तुमच्या भाषेत काहीतरी बोला’ म्हटलं की माणूस गप्प होतो. त्यापेक्षा वरण-बट्टी कशी करायची, कळण्याची भाकर थापताना का तुटते, हे विचारा. बोली आपोआप येते.

कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाचा रविवार मात्र जपून वापरावा. श्रावणात नागपंचमीनंतर भाऊबंद एकत्र येतात, रोटांचं पीठ मळलं जातं, गावाकडची चुलतभावंडं घरात असतात. त्या दोन दिवसांत शहरी पोरंही भराभर अहिराणी बोलतात. हे मुद्रण मोलाचं असतं, पण रोजच्या बोलण्यात मिसळू नये. फाइलच्या नावातच ‘सण’ लिहावं.

आणखी एक नोंद बहुतेक जण विसरतात. कुटुंबाचं मूळ गाव सगळे विचारतात, ते वडिलांकडचं असतं. नातवंडांच्या कानावर बोली पडते आजीची, आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्रीची अहिराणी अमळनेरच्या अहिराणीशी तंतोतंत जुळत नाही. तक्त्याच्या माथ्यावर आजीचं माहेर लिहा, तालुक्यासकट.