गोळीला पीळ घालायला किती वेळ लागतो?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव ‘लघु मिठाई वस्तूंच्या वेष्टन यंत्रांतील गतिरचना’ असं छापलंय. हे बारसं संयोजकांनी केलं. मी फोनवर फक्त ‘गोळ्यांचे कागद’ एवढंच सांगितलं होतं. (हशा) असो, भारदस्त नाव वाचूनही तुम्ही आलात.

आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे, आणि ती ऐकायला उलटी वाटेल. जे यंत्र प्रत्येक गोळीपाशी थांबतं, त्याच्याकडे त्या गोळीसाठी वेळ कमी असतो. जे यंत्र कधीच थांबत नाही, त्याच्याकडे जास्त असतो. आकडे घालून दाखवते. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

दारात प्रत्येकाला एक गोळी दिली आहे. ती जरा हातात घ्या. ज्यांनी खाऊन टाकली असेल त्यांनी कागद तरी शोधा, आपलं काम कागदाशीच आहे. आता सावकाश उलगडा. काय दिसतं? एक साधा चौकोनी तुकडा. गोळीभोवती त्याची नळी झाली आहे, एक कड दुसऱ्या कडेवर थोडी चढली आहे आणि दोन टोकांना दीड ते दोन फेऱ्यांचा पीळ आहे. डिंक नाही, उष्णता देऊन चिकटवलेलं नाही, टाचणी नाही, दोरा नाही. हे सगळं कशाच्या जोरावर टिकतं, तर पिळलेला कागद पिळलेलाच राहतो एवढ्या एका भरवशावर. हा भरवसा लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

हे काम पूर्वी हातानं व्हायचं. अमेरिकेत हर्शीचं ते टोकदार ‘किस’ चॉकलेट १९०७ साली बाजारात आलं. त्याची चांदी हातानं गुंडाळायचे. यंत्र आलं १९२१ साली, आणि वरून डोकावणारी ती कागदाची पट्टीही तेव्हाच आली. इंग्लंडमध्ये गेन्सबरो नावाच्या गावात विल्यम रोझ नावाचे एक केशकर्तनकार होते, ते दुकानात तंबाखूही विकत. त्यांनी तंबाखूच्या पुड्या बांधणारं यंत्र बनवलं आणि त्यातून पुढे रोझ ब्रदर्स ही वेष्टन यंत्रांची मोठी कंपनी उभी राहिली. कॅडबरीनं १९३८ साली ‘रोझेस’ नावाची चॉकलेटं काढली, ते नाव याच यंत्रांवरून पडलं असं सांगतात. न्हाव्याच्या दुकानातून यंत्रशास्त्र पुढे जातं आणि आमच्याकडे प्रवेशपरीक्षेचे क्लास निघतात. (हशा) जर्मनीत ड्रेस्डेन, इटलीत बोलोन्या ही या धंद्याची पंढरी. बोलोन्याच्या ज्या जी.डी. कंपनीची आज जगभर यंत्रं चालतात, ती सुरुवातीला मोटारसायकली बनवायची. मोटारसायकल बनवणाऱ्याला वेग कळतो, हे खरंच. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यात १९३३ साली साखरेचा उद्योग उभारला आणि १९४२पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. इथले निम्मे लोक रावळगावच्या गोळ्या चघळत मोठे झाले असतील. माझे दात त्याची साक्ष देतील, जे उरलेत ते.

आता मला एक प्रसंग सांगायचाच आहे. संयोजक म्हणाले होते, प्रसंग थोडक्यात सांगा. बघू.

मी तेव्हा वेष्टन यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नवी होते. एका गोळ्यांच्या कारखान्यातून तक्रार आली. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तक्रार अशी की तुमच्या यंत्राचा पीळ सुटतो. यंत्रातून गोळी व्यवस्थित पिळलेली बाहेर पडते, खोक्यात भरतात, आणि दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं की निम्म्या गोळ्या कागदातून बाहेर येऊन एकमेकींना चिकटलेल्या. कडक गोळीत पाणी फार तर दोन-तीन टक्के असतं. उघडी पडली की ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि चिकट होते. पावसाळ्याचे दिवस. मालक संतापलेले.

माझ्या साहेबांनी मला नव्या स्प्रिंगा आणि ट्विस्टरची नवी बोटं देऊन पाठवलं. ट्विस्टर म्हणजे कागदाचं टोक चिमटीत धरून फिरणारा पंजा. मी स्प्रिंगा बदलल्या, बोटं बदलली, टायमिंग पुन्हा लावलं. फरक शून्य. पण तिथल्या ऑफिसात भिंतीवर एक आलेख लावलेला होता. दिवसपाळीत पीळ सुटण्याचं प्रमाण भरमसाट आणि रात्रपाळीत जवळपास नाहीच. त्यावर एक समिती नेमलेली होती. कोणी म्हणे रात्री हवा थंड असते, कोणी म्हणे रात्री व्होल्टेज चांगलं मिळतं. एका गृहस्थांचं म्हणणं होतं की रात्री साहेब लोक नसतात, म्हणून काम चांगलं होतं. (हशा) हा सिद्धांत मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरला उत्कृष्ट कामगिरीबद्दल मनगटी घड्याळसुद्धा मिळालं होतं.

म्हणून मी रात्री थांबले. यंत्राच्या बाजूला स्टूल टाकून बसले. पहाटे चहाच्या वेळी तिथले ऑपरेटर काका उठले, कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली हात घातला आणि फिल्मचं एक रीळ बाहेर काढलं. मी विचारलं, “काका, स्टोअरमधलं रीळ का नाही घेत?” ते म्हणाले, “बाई, ते नवं रीळ ऐकत नाही.” मग त्यांनी दोन्ही फिल्मचा एकेक तुकडा फाडला, मुठीत चुरगाळला आणि मूठ उघडली. जुना तुकडा चुरगाळलेलाच राहिला. नवा कुरकुर आवाज करत आपोआप मोकळा झाला.

झालं होतं असं. खरेदी विभागानं पिळासाठी खास बनवलेली फिल्म बंद करून साधी बीओपीपी, म्हणजे पिशव्यांची प्लॅस्टिक फिल्म, आणली होती. ही फिल्म दोन्ही दिशांनी ताणून बनवतात, त्यामुळे तिला लवचीकपणा येतो. वाकवली की पुन्हा सरळ होते. पिशवीसाठी उत्तम, पिळासाठी निरुपयोगी. काकांनी जुनी रिळं लपवून ठेवली होती आणि रात्री तीच वापरत होते. दुसऱ्या दिवशी मी बैठकीत हे मांडलं, तर खरेदी अधिकाऱ्यांनी शांतपणे कागद पुढे केला. “मॅडम, स्पेसिफिकेशनमध्ये जाडी लिहिली आहे, रुंदी लिहिली आहे, छपाईचा रंग लिहिला आहे. तिन्ही बरोबर आहेत. किलोमागे स्वस्त आहे. यात आमचं काय चुकलं?” आणि खरोखरच त्यांचं काही चुकलं नव्हतं! ‘पिळल्यावर पिळलेलं राहिलं पाहिजे’ हे वाक्य त्या कागदावर कुठेच नव्हतं. घड्याळ मात्र परत मागितलं नाही.

माझं गाऱ्हाणं इथूनच सुरू होतं. यंत्राच्या ड्रॉइंगवर प्रत्येक पिनचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहितो, बेअरिंगचा नंबर लिहितो, आणि ज्या कागदासाठी हे सगळं उभं केलं त्याबद्दल एक ओळ लिहीत नाही. मेणकागद, सेलोफेन, पिळाची पीव्हीसी, पिळाची पीईटी, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सेलोफेन हे जॅक ब्रँडेनबर्गर या स्विस माणसाचं १९०८ सालचं काम. पिळाला ते अगदी आज्ञाधारक, पण हवेतल्या दमटपणानं रुसतं. आता प्लॅस्टिक नको म्हणून कागद परत येतोय. नेस्लेनं २०२२ साली ‘क्वालिटी स्ट्रीट’च्या बहुतेक गोळ्या कागदात गुंडाळायचं जाहीर केलं. कागद वेगळा आला की पीळही वेगळा लावावा लागतो. पण बातमीत यंत्रवाल्यांचं नाव येत नाही.

आणि दुसरं गाऱ्हाणं म्हणजे पिलो पॅक. दोन्ही टोकं गरम जबड्यांनी चिकटवलेली ती उशी. मान्य, ती हवाबंद असते, कोकणातल्या पावसात गोळी टिकते, यंत्रही सोपं. पण ती उघडायला दात लागतात, आणि दात नसलेल्यांनाच गोळ्या जास्त आवडतात. आमची नात ती कात्रीनं...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहाच मिनिटं उरली म्हणे. बरं. तर मूळ मुद्दा.

फळ्यावर बघा. थांबत चालणारं यंत्र. इथे फीड डिस्क, फिरती ताटली. तिच्या कडेच्या खाचांमध्ये गोळ्या बसतात, वरचा ब्रश जास्तीच्या गोळ्या झाडून टाकतो. खाच रिकामी असेल तर सेन्सर कागद सोडत नाही. खालून ढकलणारा दट्ट्या गोळी आणि कागद मिळून वर या जबड्यात सरकवतो, कागदाचा उलटा यू होतो. एक फोल्डर खालची एक कड आत मोडतो, दुसरा दुसरी. नळी झाली. चाक पुढे सरकतं, थांबतं. दोन्ही बाजूंनी ट्विस्टर येतात, टोकं पकडतात, पिळतात, सोडतात, मागे जातात. चाक पुन्हा पुढे, गोळी बाहेर.

आता वेळ मोजा. मिनिटाला ६०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला १०, म्हणजे एका गोळीला १०० मिलिसेकंद. आठ खाचांचा जिनीव्हा लावला, म्हणजे अखंड फिरणारं चालक चाक दुसऱ्या चाकाला एकेक टप्पा सरकवून थांबवतं अशी जोडी लावली, तर चालक चाकाच्या फेऱ्यातले १३५ अंश सरकण्यात जातात, म्हणजे ३७.५ टक्के वेळ. थांबायला उरले ६२.५ मिलिसेकंद. पकडणं, पिळणं, सोडणं, मागे जाणं, सगळं त्यातच. बरं, जिनीव्हात सुरुवातीलाच त्वरण शून्यावरून एकदम उडी घेतं. तो झटका गोळीला बसतो, जबड्यालाही बसतो. म्हणून बॅरल कॅम लावा, म्हणजे अंगावर खाच कोरलेला फिरता दंड, त्या खाचेला मॉडिफाइड साइनची, म्हणजे वेग हळूहळू चढवून हळूहळू उतरवणारी, वक्ररेषा द्या, झटका कमी होईल. पण वेग ३०० वरून ६०० केला तर जडत्वाचा जोर चौपट होतो, ते गणित कुठलाच कॅम बदलू शकत नाही.

दुसरं म्हणजे, पीळ पडतो तसा कागद आखूड होतो. म्हणून ट्विस्टर नुसता फिरून चालत नाही, फिरता फिरता गोळीच्या दिशेनं सरकावा लागतो. कमी सरकला तर कागद फाटतो किंवा बोटातून निसटतो. जास्त सरकला तर पीळ सैल. हे सरकणं किती, ते कागद ठरवतो. वेगळ्या कागदाला कॅमची वेगळी खाच.

आता अखंड चालणारं यंत्र. एक ड्रम घ्या, त्यावर १२ जबडे, आणि प्रत्येक जबड्याला त्याचे स्वतःचे दोन ट्विस्टर, जे ड्रमबरोबरच फिरतात. कोणीच थांबत नाही. ताटलीच्या कडेचा वेग आणि ड्रमच्या कडेचा वेग सारखा ठेवला की गोळी एकातून दुसऱ्यात न आदळता जाते. शेजारच्या रुळावर तुमच्याच वेगानं धावणाऱ्या लोकलमधल्या मित्राला डबा द्यावा, तसं. (हशा) नाही, कोणी करून बघू नका.

उत्पादन तेवढंच, मिनिटाला ६००. १२ जबड्यांचा ड्रम एक फेरा १.२ सेकंदात घेईल. त्यातला अर्धा फेरा पिळासाठी दिला तर प्रत्येक गोळीला ६०० मिलिसेकंद मिळाले. मघाशी किती होते? ६२.५. साडेनऊपट! ट्विस्टर सावकाश फिरू शकतो, आणि पिळल्यावर क्षणभर धरून ठेवू शकतो. धरून ठेवलं की फिल्ममधला ताण थोडा सैलावतो आणि पीळ मागे कमी फिरतो. त्या ऑपरेटर काकांच्या नव्या रिळाला यानं पूर्ण शहाणपण आलं नसतं, पण जरा ऐकलं असतं. आधुनिक यंत्रं मिनिटाला हजाराच्या वर जातात ती याच रस्त्यानं.

किंमत? ट्विस्टरच्या एका जोडीऐवजी १२ जोड्या. सगळ्या सारख्याच लागल्या पाहिजेत. एकाची स्प्रिंग कमजोर झाली की दर बारावी गोळी सैल निघते. दुरुस्तीला मात्र ते बरं, गोळ्या ओळीनं मांडा आणि मोजा, दोषी जबडा सापडतो. शिवाय साखरेची बारीक भुकटी प्रत्येक बेअरिंगमध्ये शिरते, तेव्हा सील चांगले लावा आणि ग्रीस खाद्यपदार्थांना चालणारंच वापरा. आणि हँडव्हील ठेवा. मोटर लावण्याआधी यंत्र हातानं दोन फेरे फिरवा, कुठे काय अडतं ते मनगटाला कळतं.

शेवटच्या रांगेतून हात वर आहे. सर्व्हो मोटरी, म्हणजे आकडे भरून हव्या तशा फिरवता येणाऱ्या मोटरी, लावल्या तर कॅमची गरज संपेल का? लोखंडी कॅम जाईल, वक्ररेषा जाणार नाही. तीच वक्ररेषा तुम्हाला कंट्रोलरमध्ये भरावी लागेल, आणि ती कुठल्या कागदासाठी भरली हेही शेजारी लिहावं लागेल. कागद बदलल्यावर नवी खाच कापण्याऐवजी नवे आकडे भरता येतील, एवढा फायदा मोठा आहे. गाणं म्हणायला... नाही, अध्यक्ष उभे राहिलेत. फळ्यावरची आकृती पुसायच्या आधी ज्यांना हवा त्यांनी फोटो काढून घ्या. बाराव्या जबड्याचा कोन मी घाईत चुकीच्या बाजूला काढलाय, तो घड्याळाच्या दिशेनं धरा.