कॅड ड्रॉइंग नकाशावर भलतीकडेच का जातं? लेबल वेगळं, कन्व्हर्जन वेगळं

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, कोऑर्डिनेट सिस्टीम बदलली, तरी ड्रॉइंग सॅटेलाइट इमेजवर बसत नाही." आज फक्त तेवढंच घेऊ.

आधीचं भरभर सांगतो. ऑटोकॅडमध्ये यूसीएस (ड्रॉइंगचे अक्ष) वर्ल्डवर आणा, आयडी कमांड द्या, एखाद्या कोपऱ्यावर क्लिक करा आणि आकडे वाचा. एक्स सहा अंकी आणि वाय सात अंकी असेल तर बहुधा यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणारी सिस्टीम. ७५ आणि १९ असं काही दिसलं तर अंश. नऊ-दहा अंकी असेल तर कुणीतरी मिलिमीटरमध्ये काढलंय, आधी ते मीटरमध्ये आणा.

आता खरी मेख. डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंग देवाणघेवाणीच्या) फाइलमध्ये सहसा नुसते आकडे असतात, ते कुठल्या सिस्टीममधले हे फाइल सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट लेयर सीआरएस' म्हणजे हे सांगणं; सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टीम. त्याने एकही आकडा बदलत नाही. आकडे बदलतात ते 'रीप्रोजेक्ट लेयर'ने, किंवा एक्स्पोर्ट करताना नवीन सीआरएस निवडल्यावर.

समजा ड्रॉइंग यूटीएम झोन ४३ मध्ये आहे आणि तुम्हाला अक्षांश-रेखांश हवेत. तुम्ही सेट लेयरमध्ये जाऊन ईपीएसजी ४३२६ निवडलंत (ईपीएसजी म्हणजे सिस्टीमचा ठरलेला क्रमांक, हा अक्षांश-रेखांशाचा). आता सॉफ्टवेअर ३,७५,००० हा आकडा अंश म्हणून वाचणार. रेखांश १८० ला संपतात! मग ड्रॉइंग दिसेल कुठून?

शंका असेल तर एक बिंदू निवडा, त्याचे एक्स-वाय आधी लिहून ठेवा, मग कन्व्हर्जन करा आणि नव्या फाइलमध्ये तोच बिंदू पुन्हा वाचा. आकडे तेच असतील तर कन्व्हर्जन झालेलंच नाही, पॅनेलवर काहीही लिहिलेलं असो.

माझ्याकडे एका रस्त्याचं ड्रॉइंग आलं होतं, बऱ्याच जणांच्या हातून फिरलेलं. प्रत्येकाने आपापलं लेबल लावलं होतं, पण कन्व्हर्ट कुणीच केलं नव्हतं, म्हणून मूळ आकडे शाबूत होते. ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, लावलं आणि रस्ता रस्त्यावर बसला.

एका प्रेक्षकाने लिहिलंय, "मी एकेक सीआरएस लावून बघतो, जो जवळ बसेल तो घेतो." कृपा करून हे करू नका. झोन ४३ ऐवजी ४४ लावला तर ड्रॉइंग सहाशेहून जास्त किलोमीटर सरकतं, ते लगेच कळतं. पण ड्रॉइंग फुटांत असेल तर इंटरनॅशनल फूट आणि यूएस सर्व्हे फूट यांच्यात दहा लाखांत दोन एवढाच फरक आहे. ५०० किलोमीटरच्या ईस्टिंगवर (म्हणजे एक्सवर) तो सुमारे एक मीटर होतो. इमेजवर तो 'जवळ बसल्यासारखा' दिसतो आणि जागेवर पाया चुकतो.

आणि ईपीएसजी ३८५७ मध्ये मोजमापाचं ड्रॉइंग एक्स्पोर्ट करू नका, हे मी कितीही वेळा सांगेन. २० अंश अक्षांशावर १०० मीटरची भिंत तिथे सुमारे १०६ मीटर होते, आणि क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी फुगतं. ती सिस्टीम वेबवर नकाशे दाखवण्यासाठी आहे.

ड्रॉइंग शून्याजवळ काढलेलं असेल तर ते लोकल आहे, त्याला कुठलंही लेबल चालणार नाही. दोन कंट्रोल पॉइंट (ज्यांचे खरे एक्स-वाय माहीत आहेत असे बिंदू) घ्या, अलाइन कमांड द्या, आणि स्केल करायचं का असं विचारलं की आधी 'नो' म्हणा. मग दुसऱ्या बिंदूवर किती फरक राहतो ते मोजा. झोनच्या मध्य रेखांशाजवळ किलोमीटरला ४० सेंटिमीटर फरक आला तर घाबरू नका, तो यूटीएमचा ०.९९९६ हा स्केल फॅक्टर आहे, तिथे अंतर तेवढ्या पटीने लहान येतं. त्याहून बराच जास्त आला तर युनिट तपासा, नाहीतर कंट्रोल पॉइंटच चुकीचा असेल.

कॉमेंटमध्ये विचारताना नुसतं "जुळत नाही" लिहू नका. एका बिंदूचे एक्स-वाय, ड्रॉइंगचं युनिट आणि साइटचा अंदाजे अक्षांश-रेखांश द्या, म्हणजे झोन मी सांगू शकेन.