चरखा शिकलेली छायाचित्रकार

(दृश्य: सोलापूर. यंत्रमागाचा कारखाना, मागांचा खडखडाट.)

सोलापूरकराला यंत्राचं वेड समजावून सांगावं लागत नाही. १८७७ मध्ये इथे ‘जुनी गिरणी’ नावाची कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे कित्येक पिढ्यांचा दिवस भोंग्यावर उजाडला. म्हणूनच मार्गारेट बर्क-व्हाइट या यंत्रवेड्या अमेरिकन छायाचित्रकार बाई आपल्याला जवळच्या वाटतात.

त्यांचा जन्म १९०४ चा, न्यूयॉर्कचा. वडील छपाईयंत्रांचे अभियंते. त्यांनी लहानपणीच लेकीला फौंड्री दाखवली, आणि वितळलेल्या लोखंडाचा तो उजेड तिच्या डोळ्यांत कायमचा राहिला. पुढे क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यात कॅमेरा घेऊन उतरल्या, तर फोटो काळेच येऊ लागले. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, आणि रसरसलेलं पोलाद तर लालभडक! मार्गारेट यांनी मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून पांढरा उजेड पाडला आणि फोटो मिळवले. त्या फोटोंच्या जोरावर १९२९ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात काम मिळालं. २३ नोव्हेंबर १९३६ ला ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीच टिपलेलं फोर्ट पेक धरण होतं.

(दृश्य: १९३७, अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातला पूर.)

इथून त्यांच्या फोटोंत माणूस पुढे येतो. मदतीच्या रांगेत पूरग्रस्त कृष्णवर्णीय उभे आहेत. त्यांच्यामागे भलीमोठी जाहिरात, मोटारीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब, आणि वर लिहिलंय की जगातलं सर्वोच्च राहणीमान आमचंच. एका चौकटीत एवढं सांगणारा फोटो आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग महायुद्ध. १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडत असताना मॉस्कोत, १९४५ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत. मध्यंतरी आफ्रिकेकडे जाताना जहाजावर टॉर्पेडो आदळला, तेव्हा जीवरक्षक नावेत बसूनही कॅमेरा चालूच.

(दृश्य: पुणे, १९४६.)

आणि मग त्या आपल्या शेजारी आल्या. गांधीजींचा मुक्काम पुण्यात होता. चरख्याजवळचा फोटो हवा म्हणताच सचिवांनी विचारलं, सूत कातता येतं का? येत नव्हतं. मग आधी शिका! पोलादाच्या भट्ट्या जिंकलेल्या बाई पेळू हातात घेऊन बसल्या. सूत तुटलं की सांधायचं, पुन्हा तुटलं की पुन्हा सांधायचं. ज्यांच्या घरात माग आहे, त्यांना ही शिकवणी किती कठीण ते ठाऊक आहे. परवानगी मिळाली ती फक्त तीन फ्लॅश बल्बांची. दोन वाया गेले, तिसऱ्याला फोटो साधला. समोर चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी. आमच्या मते त्यांच्या कामाचा कळस हाच, कारण इथे यंत्र आणि माणूस दोघांनाही सारखाच मान मिळाला आहे.

फाळणीतले त्यांचे फोटो मात्र अस्वस्थ करतात. थकल्याभागल्या निर्वासितांना त्यांनी हव्या त्या कोनासाठी पुन्हा चालायला लावल्याचं सोबतच्या सहकारी बाईंनी पुढे सांगितलं. हे पटत नाही, आणि तरीही ते तांडे जगाला दिसले ते याच फोटोंमुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची मुलाखत त्यांनी घेतली आणि काही तासांतच हत्या झाली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणी, कोरियाचं युद्ध.

पुढे पार्किन्सन्सच्या आजाराने गाठलं. कॅमेरा धरणारे हातच आखडू लागले. १९५९ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टॅट यांना त्यांनी आपले फोटो काढू दिले आणि ‘लाइफ’मध्ये आपल्याच आजाराची गोष्ट सांगितली. २७ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.