ललिताबाईंचा राग

रसिकहो, नमस्कार.

1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं 'रामायण' लागायचं. पडद्यावर मंथरा दिसली रे दिसली की माझी आजी कडाकडा बोटं मोडायची. "आली बघ मेली!" रामाला हात जोडताना आजी जेवढी मनापासून जोडायची, तेवढ्याच मनापासून ही बोटंही मोडायची. ती मंथरा म्हणजे ललिता पवार. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती, आणि हीच मंथरा त्या 1961 च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये एकदा करून चुकल्या होत्या. म्हणजे पंचवीस वर्षं उलटली तरी लोकांना कैकेयीचे कान भरायला याच बाई हव्या होत्या.

आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे, आणि त्यातही त्यांच्या रागाविषयी. तीन-चार दशकं या बाई पडद्यावर रागावत राहिल्या. तो राग आपण 'खाष्ट सासू' या दोन शब्दांत बांधून माळ्यावर टाकून दिला. तो तिथून खाली काढावा, इतकीच माझी इच्छा आहे.

ललिताबाईंचा जन्म 18 एप्रिल 1916 चा, पैठणीच्या येवल्यातला. पाळण्यातलं नाव अंबा. 1928 सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्या अगदी लहान वयात कॅमेऱ्यासमोर आल्या. मूकपटात बोलायची सोयच नाही, जे काही सांगायचं ते चेहऱ्यानं आणि देहानं. ही शाळा त्यांना फार लवकर मिळाली. पुढे बोलपट आले, त्या नायिका झाल्या. 1935 च्या 'हिम्मत-ए-मर्दा'सारख्या चित्रपटांत त्या झळकल्या. 1937 साली 'दुनिया क्या है'च्या निर्मितीतही त्या होत्या. विशीतली एक मराठी मुलगी चित्रपटनिर्मितीत पैसा आणि नाव पणाला लावते, हे आपण त्यांच्याबद्दल सहसा सांगत नाही. आपण सांगतो ती थपडेची गोष्ट.

तीही सांगतो. 1942 साली एका प्रसंगात सहकलाकारानं त्यांना थोबाडीत मारायची होती. तो कलाकार म्हणजे भगवान, पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेले भगवानदादा. हात जरा जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा दुखावला. पुढे बराच काळ औषधोपचार चालले, पण तो डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. वय होतं सव्वीस.

इथे एक वाक्य ठरल्यासारखं येतं: 'त्या डोळ्यामुळेच त्यांना खलनायिकेच्या भूमिका मिळाल्या.' मला या वाक्याचा राग येतो. भूमिका मिळाल्या असतील डोळ्यामुळे, पण डोळा अभिनय करत नाही. अभिनय बाईंनी केला. त्यांचे प्रसंग नीट पाहा. बोलण्याआधी त्या क्षणभर थांबतात, मान किंचित तिरकी होते, आवाज खालच्या पट्टीत उतरतो आणि मग शब्द येतो. तोवर समोरची सून अर्धी मेलेली असते. हे मूकपटात शिकलेल्या नटीचं काम आहे. दुखावलेला चेहरा लपवण्यापेक्षा त्याच्यावर हुकमत मिळवायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

1944 साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई! मराठी माणसाच्या मनात कान फुंकणाऱ्या दोन बायका आहेत, एक पुराणातली आणि एक पेशवाईतली. दोघींनाही ललिताबाईंनीच चेहरा दिला. आणि दोघींच्याही रागाच्या मुळाशी आपल्या माणसाचं काहीतरी हिरावलं जातंय ही धास्ती आहे. मंथरा कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी. तिचं सगळं जग म्हणजे कैकेयी. ललिताबाईंची मंथरा पाहताना मला ती माया दिसते, विषासकट.

सासवा तर त्यांनी किती केल्या! शांतारामबापूंच्या 1950 च्या 'दहेज'मधली हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी सासू आठवा. हुंडाबंदीचा कायदा आला 1961 मध्ये, त्याच्या कितीतरी आधी ही बाई थिएटरभर लोकांच्या शिव्या झेलत होती. त्या शिव्या म्हणजे तिच्या कामाची पावतीच. 'सुजाता'मध्ये त्या जातीचा कर्मठ अभिमान बाळगणारी आत्या आहेत. ती आत्या दुष्ट वाटत नाही. आपण बरोबर आहोत याची तिला खात्री आहे, आणि अंगावर काटा येतो तो त्या खात्रीमुळे.

1955 च्या 'मिस्टर अँड मिसेस 55'बद्दल थोडं स्पष्ट बोलतो. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, घटस्फोटाची वाट मोकळी झाली. त्यावरची चर्चा देशभर तापलेली होती. गुरुदत्तनं घटस्फोटाच्या हक्काची बाजू घेणारी सीतादेवी रंगवली ती खलनायिका म्हणून. चित्रपट मला आवडतो, त्याचा हा कल मुळीच पटत नाही. पण ललिताबाई सीतादेवीचं हसं होऊ देत नाहीत. ताठ मानेनं, ठाम आवाजात ती बोलते, आणि आज पाहताना तिचंच म्हणणं आपल्याला पटत राहतं.

आणि 'प्रोफेसर' पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा, 1962 चा. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवायला येतो आणि घरातली करडी मावशी त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. विषय थट्टेचा आहे, लोक हसतातही. पण ललिताबाईंनी ती मावशी अशी लाजवली आहे की हसता हसता आपल्याला अपराधी वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांना धाकात ठेवलेल्या बाईचं ते उशिरा फुललेलं मन!

त्यांच्या वाट्याला मान आला नाही असं नाही. 1961 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. 24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. पण माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम 1959 चं, हृषीकेश मुखर्जींचा 'अनाड़ी'. फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना याच भूमिकेनं दिला. त्याआधी, 'अनाड़ी'चा नायक असलेल्या राज कपूरबरोबरच त्यांनी 'श्री 420'मधली केळी विकणारी गंगामाई केली होती. तिची पुढची पायरी म्हणजे 'अनाड़ी'मधली मिसेस डिसा, मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण.

इथे राग तोच आहे. तोच खणखणीत आवाज, तीच तिरकी मान, तोच बारीक डोळा. सासूच्या भूमिकेत ज्या हत्यारांनी त्या सुनेला रडवतात, तीच हत्यारं घेऊन इथे त्या एका भोळ्या, बेकार पोराला जपतात. तोंडानं करवादतात, पण त्याला पोटाशी धरल्याचं आपल्याला प्रत्येक वाक्यात कळतं. आपल्या आज्या, आत्या, शेजारच्या काकू अशाच प्रेम करायच्या. तोंडावर कधी गोड बोलल्या नाहीत आणि ताटात कधी कमी वाढलं नाही.

पुढे भेसळीचं औषध घेऊन मिसेस डिसा मरते. तिच्या खुनाचा आळ येतो तोही त्याच पोरावर. कोर्ट, साक्षी, सगळं होतं. पण मला प्रत्येक वेळी जाणवते ती त्या घरातली शांतता. आता त्याच्यावर खेकसणारं कुणी उरलेलं नसतं.