अरुंधती दिसली का?

नमस्कार मंडळी!

आमच्याकडची लग्नं तुम्ही पाहिलीच असतील. पंगती उठतायत, उन्हानं मांडव तापलाय आणि भटजी नवरीला विचारतात, "अरुंधती दिसली?" नवरी म्हणते, "दिसली." दुपारचे दीड वाजलेत हो! तिथे चालून जातं. सड्यावर दुर्बिणीला डोळा लावला की मात्र हाच प्रश्न छळतो.

पाडव्याच्या आधीच्या अमावास्येला आम्ही मेसिए मॅरेथॉन करतो. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतू-शोधक. धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे धूसर पुंजके फसवायला लागले, म्हणून त्यानं त्यांची यादी केली. आजच्या यादीत ११० आहेत. ते सगळे एका रात्रीत बघायचे. आणि तपासायला कोण? कोणी नाही. वही तुमची, पेन तुमचं.

[वही कॅमेऱ्यासमोर धरून]

ही खोडलेली ओळ बघा. एम ७४, म्हणजे मेसिएच्या यादीतला चौऱ्याहत्तरावा. मीन राशीतली दीर्घिका, अत्यंत फिकट. अंधार पडेपर्यंत ती समुद्रावर, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर उरते. त्यात खारट धुरकं, खाली होड्यांचे दिवे. मला ठिकाण पाठ होतं, म्हणून तिथे काहीतरी "दिसलं". केली टिक! सकाळी चहा पिताना शेजारच्या ताऱ्यांचं माझं रेखाटन नकाशाशी ताडून बघितलं. माझा त्रिकोण नकाशात कुठेच नाही. मी भलतीकडेच बघत होतो.

आता गंमत अशी की फिकट गोष्टी तिरक्या नजरेनंच दिसतात. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेच्या पेशी मंद उजेड जास्त चांगला टिपतात. म्हणजे पुंजका दिसतो, सरळ बघितलं की विरतो, पुन्हा दिसतो. हे दिसणं खरं की मनाचं? मी दुर्बिणीच्या नळीला हलकी टिचकी मारतो. डोळ्याला हलती वस्तू लवकर कळते. ताऱ्यांबरोबर पुंजकाही हलला, तर ठीक. तीनदा नजर वळवून तीनदा त्याच जागी सापडला, तरच टिक. नाहीतर प्रश्नचिन्ह. अर्थात हा माझा नियम. तुमचा वेगळा असू शकतो, फक्त रात्र सुरू व्हायच्या आधी ठरवा. एम ७४ पुढ्यात आल्यावर ठरवलेला नियम फार दयाळू असतो.

ठिकाण आधी माहीत असणं ही लबाडी नाही हं. जुना अरुंधती न्याय तेच सांगतो: आधी जवळचा ठळक तारा दाखवा, मग बारीक अरुंधती. आपण ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत जातो, ते हेच. गो-टू दुर्बीण, म्हणजे आपोआप हव्या त्या ठिकाणी वळणारी, वापरलीत तरी माझी हरकत नाही, तसं वहीत लिहा म्हणजे झालं. अमेरिकेतल्या अॅस्ट्रॉनॉमिकल लीगच्या मेसिए प्रमाणपत्राला मात्र ती चालत नाही. तिथे ७० पुंजके स्वतः शोधावे लागतात, आणि मानाच्या प्रमाणपत्राला सगळे ११०.

बरं, मूळ यादी तरी कुठे सोवळी आहे? एम ४० हे नुसते दोन तारे. तिथे तेजोमेघ असल्याचं कुणीतरी आधी नोंदवलं होतं. मेसिएला तो दिसला नाही, त्यानं दिसले ते दोन तारेच लिहिले. आणि एम १०२? मेसिएचा सहकारी पिएर मेशँ यानं १७८३ साली पत्रातून कळवलं की तो चुकून दुसऱ्यांदा लिहिलेला एम १०१ आहे. आज बहुतेक लोक त्या जागी वेगळीच दीर्घिका बघतात, पण मेशँची कबुली मला जास्त आवडते.

रात्रीतला शेवटचा एम ३०. युरोपापेक्षा आपल्याकडे तो पहाटे बराच आधी उगवतो, पण आमच्या पूर्वेला सह्याद्री. गेल्या खेपेला भिंगावर दव, कड्यामागून आभाळ पांढुरकं होतंय, आणि भाचा विचारतोय, "मामा, दिसला?"

मी म्हटलं, "उजाडलं रे."